कोकणात घरी राहून गोधड्या, रंगकाम करून आणि शिकवून पोट भरतं का? शिकवण्यात स्वतःचं काम मागे पडतं का?

तुम्ही लिहिलंय की टेक्स्टाईलचं शिक्षण झालंय, पुण्यातली नोकरी सोडून दापोलीच्या घरी यायचंय, गोधड्या आणि नैसर्गिक रंगाचं काम करायचं, जोडीला क्लास घ्यायचे, पण शिकवायला लागलं की स्वतःचं काम संपतं असं सगळे घाबरवतायत. मी दाभोळच्या खाडीच्या अलीकडे, गुहागर तालुक्यात हेच करते म्हणून उत्तर देतेय.

पोट भरतं, पण नुसत्या विक्रीवर नाही. हातशिलाईची डबलबेडची गोधडी व्हायला आठवडे जातात, मजुरी धरून किंमत सांगितली की गिऱ्हाईक सोलापुरी चादरीचा भाव ऐकवतं. घरखर्च चालतो तो क्लासवर आणि ऑर्डरींवर. गणपतीला चाकरमानी येतात ना, ते आईच्या नाहीतर आजीच्या साड्या देऊन जातात, याची गोधडी करा म्हणून, आणि तिथे कोणी घासाघीस करत नाही.

शिकवणं की स्वतःचं काम, हे भांडण आपल्याकडे पाऊसच मिटवतो. जून ते सप्टेंबर रंगकाम जवळपास बंद, कापड वाळत नाही, कुबट वास धरतं, ट्रंकेतल्या साड्यांना पण बुरशी येते, पर्यटक तुरळक. तेव्हा आपलं शिवायला बसायचं. ऑक्टोबर ते मे रंग आणि क्लास. बाराही महिने क्लास लावलेत तर मात्र लोक घाबरवतायत तसंच होईल.

आणि एक, तुम्ही डिझाईन शिकलायत म्हणून मुद्दाम सांगते. वाडीतल्या काकू-आज्यांना शिकायला बोलावू नका, शिकवायला बोलवा आणि त्याचे पैसे द्या. आमच्याकडे एक आजी येतात, जमिनीवर मऊ झालेलं लुगडं पसरतात, वर थर चढवतात, कोपऱ्यांवर पाटा-वरवंटा ठेवतात, लांब कच्चे टाके घालून घेतात आणि मग कडेने धावदोरा घालत गोल गोल आत सरकतात. दर थोड्या वेळाने डावा तळवा कापडावरून आतल्या बाजूला फिरवतात, कारण हवा आणि सैल कापड पुढे ढकललं नाही तर शेवटी मधोमध झोळ येतो. हे मला कुठल्याच कोर्समध्ये कोणी सांगितलं नव्हतं, आणि क्लासमधल्या मुलींना पण माझ्या अर्ध्या तासाच्या बोलण्यापेक्षा तो तळवा बघून जास्त कळतं. म्हणून मी सुरुवातीला फुलं, पानं, मोटिफ काही शिकवत नाही, फक्त सरळ धावदोरा. काही जणी कंटाळून जातात, जाऊ देत.

रंगाचं म्हणाल तर आधी पाणी बघा. आपल्याकडे जांभा दगड, त्यात लोह भरपूर, विहिरीच्या पाण्यात ते उतरलं असेल तर डाळिंबाच्या सालीचा छान पिवळा मळकट हिरवट होतो. मी पागोळ्यांचं पाणी पिंपात साठवून ठेवते ते त्यासाठीच. सुती कापडाने रंग धरावा म्हणून त्याला आधी हिरडा (कापडाच्या वजनाच्या 15 ते 20 टक्के), मग तुरटी 10 ते 15 टक्के, आणि मगच रंग. काळा हवा असेल तर गंजके खिळे आणि गूळ पाण्यात आंबवा, हिरडा दिलेलं कापड त्यात घातलं की डोळ्यांदेखत काळं पडतं, क्लासमध्ये हे दाखवलं की सगळे मोबाईल बाहेर काढतात. तपकिरीसाठी काथ, तो तर चिपळूण-सावर्ड्याकडे बनतोच. जुन्या सुती साड्या धुऊन धुऊन खळ गेलेल्या असतात त्यामुळे रंग पटकन धरतात, पण सिंथेटिक साडीवर यातलं काही चालत नाही, ते ऑर्डर घेतानाच सांगून टाका, नंतर वाद नको.

कागदपत्रांत हस्तशिल्प विकास आयुक्तालयाचं, कारागिरांसाठीचं पहचान ओळखपत्र काढून ठेवा, प्रदर्शनांना उपयोगी पडतं. बचत गटात असाल तर मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात पण स्टॉल मिळू शकतो.

फी कमी ठेवू नका. सामान, जेवण, आजींचं मानधन धरून जो आकडा येईल तो सांगा, शेजारच्या होमस्टेवाल्याने कितीही सांगितलं तरी दोन तासांत सगळं शिका असली पॅकेजं करू नका, हिरड्यात कापड भिजवून वाळवण्यातच तेवढा वेळ जातो. आणि कोकमाचा रंग शिकवा म्हणून पुण्या-मुंबईचे लोक हमखास मागे लागणार, दिसतो सुरेख पण उन्हात आणि साबणात टिकत नाही, सरळ सांगायचं की त्याचं सरबत करा.