काट्याचा प्रोग्राम फिरत राह्यला तर आधी रीस्टार्ट करू नका

भाऊ, काट्याचा प्रोग्राम मधेच अडकून फिरत राह्यते, काय करू, अशी तुमची पोस्ट वाचली अन् आमचा जुना सीझनच आठवला. गाड्यांच्या वजनकाट्याचा पायथन प्रोग्राम अडकलेला, सीपीयू १०० टक्के, लॉगमध्ये (प्रोग्रामच्या नोंदीत) एक ओळ नाही अन् बाहेर कापसाच्या गाड्यांची लाईन. वणीकडच्या आमच्या जिनिंगवर दर आठ-दहा दिवसांनी हेच होत होतं.

सॉफ्टवेअरवाल्यांना (नाव घेत नाही) फोन केला की एकच उत्तर, रीस्टार्ट करा. आम्ही करत गेलो. रीस्टार्टनं गाड्या निघतात, पण प्रोग्राम कुठं फिरत होता ते सगळं पुसून जाते, अन् मग हेच लोक विचारतात की एरर दाखवा. अरे पण लूपमध्ये, म्हणजे त्याच त्या ओळींत फिरत असताना, एरर येणार कुठून, प्रोग्राम तर चालूच असते ना! पूर्ण महिना असाच गेला, शेतकरी आमच्यावर चिडून राह्यले होते.

सगळ्यात महागात पडलं ते मात्र माझ्याच हातून झालं. फॉल्टहँडलर (पायथनसोबतच येणारं मॉड्यूल) असला की यूएसआर१ सिग्नल (बाहेरून प्रोग्रामला द्यायचा इशारा) पाठवून चालू प्रोग्रामचा ट्रेस, म्हणजे तो कोणत्या ओळीवर आहे ते, निघतो असं वाचलं होतं, हँग सापडल्याबरोबर पाठवून दिला. पण कोडात आधी तो सिग्नल रजिस्टर करावा लागते, ती ओळच नव्हती, अन् ती नसली तर त्या सिग्नलनं प्रोग्राम सरळ मरते. मेला. पुढच्या हँगची नऊ दिवस वाट पाहिली.

म्हणून माझं मत, पाय-स्पाय वापरा, चालू पायथन प्रोग्राम कुठं आहे ते बाहेरून दाखवणारं टूल आहे. कोडाला हात लावावा लागत नाही. आजच पिपनं (पायथनची पॅकेजं टाकायची कमांड) टाकून ठेवा, हँगच्या दिवशी गावात नेट असेलच असं नाही. सुडो (अ‍ॅडमिनचा हक्क) लावून पाय-स्पाय डंप, पुढं पीआयडी (चालू प्रोग्रामचा नंबर), अन् लोकल्सचा ऑप्शन द्याच, त्यानं फंक्शनमधल्या व्हेरिएबलच्या किमती दिसतात. एका डंपवर (त्या क्षणाच्या फंक्शनांच्या यादीवर) जाऊ नका, पाच-पाच सेकंदांनी चार काढा. वरच्या ओळी बदलत असतील तर जिथून खाली काहीच बदलत नाही तिथलं पहिलं फंक्शन पाहा, चक्कर तिथंच असते. आमच्याकडे सिरीयल पोर्ट वाचणारं फंक्शन निघालं. टाइमआउट शून्य (पोर्टवर थांबायचंच नाही, लगेच परत), वायर ढिली, बफरमध्ये (आलेला डेटा साठते तिथं) अर्धंच वजन, अन् प्रोग्राम ओळ संपायची वाट पाहत गरगर फिरून राह्यला.

तुमचं कारण वेगळंही असू शकते, मी काही प्रोग्रामर नाही. यूएसबी कन्व्हर्टर असेल तर एक पाहून घ्या, काढून लावल्यावर कधी पोर्टचा नंबर बदलते, त्यापेक्षा बाय-आयडीवाला पाथ द्या, तो कन्व्हर्टरच्या ओळखीवर असते.

डंप निघाला की इथं टाका, पण लोकल्समध्ये शेतकऱ्यांची नावं अन् मोबाईल नंबर येतात, ते आधी खोडा.