मुसळ लाकडाचं की ॲल्युमिनियमचं?

(वाचकांचे प्रश्न, अंपायरकाकांची उत्तरं)

प्रश्न : काका, आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगा दहा वर्षांचा आहे, लिटल लीगमध्ये, म्हणजे मुलांच्या बेसबॉलमध्ये, पिचिंग करतो (चेंडू टाकतो). त्याला साडेतीनशे डॉलरची कॉम्पोझिट (कार्बन धागे घातलेल्या प्लॅस्टिकची) बॅट हवी आहे, टीममधल्या तिघांकडे आहे म्हणून. नवरा म्हणतो, बॅट म्हणजे लाकडाचीच, बाकी सगळी भांडी. आणि शेजारीण म्हणते, धातूच्या बॅटने मुलं मरतात, तू त्याला खेळूच कशी देतेस? या तिघांत मी कोणाचं ऐकू?
– एक आई

उत्तर : ताई, तिघांचंही थोडं थोडं ऐका आणि खरेदी मात्र चौथीच करा.

मी अमेरिकेत आलो तेव्हा बेसबॉलची बॅट पाहून मला पहिल्यांदा मुसळच आठवलं होतं. आपली क्रिकेटची बॅट म्हणजे धोपाटणं, ही मुसळ. पुढे मुलाच्या निमित्ताने मैदानावर गेलो, कोणी अंपायर मिळेना म्हणून उभा राहिलो, आणि मुलगा कॉलेजला गेला तरी मी तिथेच उभा आहे. पेशाने मेकॅनिकल इंजिनियर, त्यामुळे बॅट हातात आली की ठोकून बघायची खोड. तेव्हा आधी हे मुसळ चालतं कसं ते सांगतो.

चेंडू लाकडी पाटावर आपटा आणि मग ताणून विणलेल्या बाजेवर आपटा. पाटावर चेंडू स्वतःच चेपतो. आत बुचाचा गोळा, त्यावर लोकरीच्या धाग्याची गुंडाळी, वर कातडं. या चेपण्यात त्याची बरीचशी ऊर्जा फुकट जाते. बाजेवर मात्र बाजच दबते आणि उसळून चेंडूला परत ढकलते. धातूची किंवा कॉम्पोझिट बॅट आतून पोकळ असते. तिचं पातळ कवच बाजेसारखं दबतं. इंग्रजीत याला ट्रॅम्पोलिनचं नाव दिलंय, पण बाजेवर उड्या मारून आईच्या शिव्या खाल्लेल्यांना वेगळं समजावायला नको.

दुसरी गोष्ट वजनाची. हातोडा दांड्याकडे धरून फिरवा, मग उलटा, लोखंडाकडे धरून फिरवा. वजन तेच, पण दुसरा सर्रकन फिरतो. पोकळ बॅटीचं वजन हाताजवळ असतं, म्हणून लहान मूलसुद्धा ती वेळेवर चेंडूपर्यंत आणू शकतं. इथे एक गंमत आहे. हलकी बॅट जोरात फिरते खरी, पण तिच्यामागे भार कमी असतो, म्हणून वेगाने कमावलेलं बरंचसं टकरीत परत जातं. हलकेपणाचा खरा फायदा म्हणजे चेंडू बॅटीला लागतो तरी!

आता शेजारणीचं. तिचं भय उगाच नाही. तुमच्याच राज्यात 2006 साली बारा वर्षांच्या एका पिचरच्या छातीवर धातूच्या बॅटने टोलवलेला चेंडू बसला आणि त्याचं हृदय थांबलं. तो वाचला, पण पहिल्यासारखा झाला नाही. पुढे कोर्टकचेरी झाली, 2012 मध्ये 1 कोटी 45 लाख डॉलरवर तडजोड झाली. नदीपलीकडे न्यूयॉर्कच्या सिटी कौन्सिलने 2007 मध्ये हायस्कूलच्या सामन्यांत धातूच्या बॅटींवर बंदी आणली. महापौर ब्लूमबर्ग यांनी नकाराधिकार वापरला, कौन्सिलने तोही उलटवला. त्याच वर्षी नॉर्थ डकोटातल्या हायस्कुलांनीही लाकूड धरलं. मी तेव्हा कट्टर लाकूडवाला होतो. त्याआधीच्या एका मोसमात माझ्यासमोर एका पोराच्या जबड्यावर चेंडू बसला होता. त्याने ग्लव्ह उचललाच नव्हता, उचलायला वेळच मिळाला नव्हता. तो आवाज मला अजून ऐकू येतो. त्यामुळे न्यूयॉर्कचा कायदा झाला त्या दिवशी मी घरी पेढे आणले होते, खोटं नाही सांगत.

मग माझं मत बदललं कसं? नियम बदलले म्हणून. आधी कॉम्पोझिट बॅटींची भानगड उघडी पडली. त्या वापरून वापरून आतून सैल होतात आणि नव्यापेक्षा जास्त उसळतात. काही महाभाग तर नवी बॅट मुद्दाम यंत्राच्या रोलरांमध्ये दाबून सैल करून आणत. (आजही आणतात. शेजारचा कोणी 'फुकट करून देतो' म्हणाला तर हात जोडा.) लिटल लीगने 2010 मध्ये त्या थांबवल्या आणि मग तपासून एकेक परत घेतल्या. कॉलेजांत 2011 पासून आणि हायस्कुलांत 2012 पासून बीबीकॉर नावाचं माप आलं. बॅटवर चेंडू आदळल्यावर दोघांमधला वेग किती उरतो, त्याचं ते प्रमाण. ते 0.50 च्या वर जाता कामा नये, म्हणजे जवळपास चांगल्या लाकडाइतकंच. आणि तुमच्या मुलाच्या वयासाठी 1 जानेवारी 2018 पासून यूएसए बेसबॉल या अमेरिकेतल्या राष्ट्रीय संघटनेचं मानक लागू झालं. त्याचा हेतूच असा की बॅट कशाचीही असो, चेंडू लाकडासारखाच सुटावा. म्हणून लिटल लीगच्या बॅटवर यूएसएचा शिक्का लागतो. एकसंध लाकडाच्या बॅटला तो लागत नाही. बाकीच्यांना तिच्यासारखंच तर व्हायचं असतं.

म्हणजे शेजारीण भांडतेय ती 2006 च्या बॅटशी.

पण भीती सोडून देऊ नका, तिची जागा बदला. लिटल लीगचा पिचर बॅटवाल्यापासून 46 फुटांवर उभा असतो, चेंडू सोडून पाऊल टाकेपर्यंत 42 फुटांवर येतो. परतीचा चेंडू ताशी 65 मैलांनी आला तर त्याला 0.44 सेकंद मिळतात, 60 मैलांनी आला तर 0.48. फरक पापणी लवण्याहूनही कमी. तेव्हा बॅट कुठलीही असो, त्या पोराचा ग्लव्ह चेंडू सोडल्या सोडल्या छातीपुढे आला पाहिजे. बरेचसे पिचर चेंडू टाकून एका बाजूला, पहिल्या बेसकडे, भेलकांडतात आणि ग्लव्ह मागे पाठीशी राहतो. हे कोचने शिकवायचं, नाही शिकवलं तर तुम्ही घरी मोजे गुंडाळून शिकवा. माझ्या मुलाने मोज्यांच्या चेंडूवर दिवाणखान्यातला एक दिवा घालवला, पण हात पुढे यायला लागला.

आणि छातीच्या माराबद्दल अजून एक. हृदयाच्या ठोक्यातल्या एका नेमक्या क्षणी मार बसला तर हृदय थरथरत राहतं, रक्त ढकलत नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांत ताशी 40 मैलांच्या आसपासचा चेंडू यात सगळ्यांत घातक ठरला. चाळीस मैल! एवढ्या वेगाने तर पोरं एकमेकांकडे चेंडू फेकतात. यात लाकूड तुम्हाला वाचवणार नाही. वाचवतो तो एईडी, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणारा डबा, आणि तोही पहिल्या दोन-तीन मिनिटांत, तो येईपर्यंत छाती दाबत राहिलात तर. आमच्या एका मैदानावर पालकांची सभा झाली, बॅटीवरून दीड तास हमरीतुमरी. शेवटी मी विचारलं, एईडी कुठे आहे? तो निघाला वडापावच्या – चुकलो, हॉटडॉगच्या – टपरीच्या कपाटात, कपाटाला कुलूप, आणि किल्ली ज्याच्याकडे तो गेलेला फ्लोरिडाला. ताई, पुढच्या सामन्याला गेलात की आधी हा डबा शोधा.

आता खरेदी. साध्या ॲल्युमिनियमची, एका तुकड्याची, यूएसए शिक्क्याची बॅट घ्या. साडेतीनशेच्या बॅटलाही उसळीची तीच मर्यादा आहे. जास्तीचे पैसे हाताला झिणझिण्या कमी येण्याचे आणि रंगाचे. शिवाय कॉम्पोझिट थंडीत तडकते आणि तुमचा मोसम सुरू होतो मार्चच्या गारठ्यात. शिक्का मात्र स्वतः वाचा. 'यूएसएसएसए' असं लिहिलेली बॅट वेगळ्या संघटनेची, ती लिटल लीगमध्ये चालत नाही. सामन्याआधी मी कुंपणाला टेकवलेल्या बॅटींवरून हात फिरवतो, खोक-तडा बघतो, तेव्हा दर वर्षी अशी एक तरी महागडी बॅट बाजूला काढावी लागते. पोराचं तोंड बघवत नाही आणि बापाचं बघायची हिंमत होत नाही.

नवऱ्याचंही मन राखा. एक लाकडी बॅट सरावासाठी आणा. लाकडात चेंडू नेमक्या जागी लागला तरच जातो, मुठीजवळ लागला तर हाताला मुंग्या येतात. चूक लगेच कळते. पण सामन्यात दहा वर्षांच्या पोराला ती देण्याची घाई नको. 28 इंची लाकडी बॅट त्याच लांबीच्या हलक्या धातूच्या बॅटपेक्षा चार-पाच औंस जड असते. दर वेळी उशीर होऊन तो आउट होत राहिला तर खेळच सोडेल.

प्रश्न : नातवाचा खेळ बघायला सहा महिने आलो आहे. ही बॅट 'टिण्ण' वाजते, खेळासारखं वाटतच नाही. मुळात यांनी लाकूड सोडलं कशाला? आपल्या क्रिकेटने सोडलं का?
– एक आजोबा

उत्तर : आजोबा, ती पोकळ आहे, म्हणून वाजते. फटक्याने तिचं कवच घंटेसारखं थरथरतं. भरीव लाकडाला घंटा होता येत नाही.

लाकूड सोडलं ते पैशांपायी. लाकडी बॅटी मोडतात आणि पोरांच्या संघांना ते परवडत नव्हतं. लिटल लीगने 1971 मध्ये ॲल्युमिनियम चालू केलं, कॉलेजांनी 1974 मध्ये. मोठ्यांच्या मेजर लीगमध्ये अजूनही एकाच लाकडाच्या तुकड्याची बॅट लागते.

क्रिकेटचं म्हणाल, तर आपल्याकडेही टिण्ण वाजून गेलंय. डिसेंबर 1979, पर्थ कसोटी. डेनिस लिली ॲल्युमिनियमची बॅट घेऊन उतरला. इंग्लंडचा कर्णधार ब्रेअर्ली म्हणाला, चेंडू खराब होतोय. बराच तमाशा झाला आणि लिलीने ती बॅट रागाने भिरकावली. त्यानंतर नियमातच लिहून टाकलं, बॅटचं पातं लाकडाचं हवं. रेडिओवर ते ऐकताना आम्ही पोट धरून हसलो होतो. आज त्याच धातूच्या बॅटींवर हात फिरवत उभा असतो.

प्रश्न : मुलगा हायस्कूलमध्ये आहे. उन्हाळ्यात लाकडी बॅटच्या लीगमध्ये खेळतो. एका आठवड्यात ॲशच्या लाकडाच्या दोन बॅटी मोडल्या. मेपलच्या लाकडाची घेऊ का?
– एक बाबा

उत्तर : आधी बॅट धरायची कशी ते बघा. कंपनीचा छापलेला शिक्का आभाळाकडे किंवा जमिनीकडे असताना चेंडू लागला पाहिजे. धातूच्या बॅटीला बाजू नसते, ती चारी अंगांनी सारखी, त्यामुळे पोरांना ही सवयच नसते. ॲशमध्ये अशा धरण्याने चेंडू वर्षवलयांच्या कडेवर बसतो, तिथे लाकूड चिवट असतं. शिक्क्यावर किंवा त्याच्या बरोबर मागे बसला तर थर सुटतात. मेपलमध्ये उलट आहे, म्हणून 2009 पासून मेजर लीगच्या मेपल बॅटींवर शिक्काच पाव वळसा फिरवून छापतात. धरायची रीत तीच राहते.

मेपल कडक असतं, पण मोडलं की भाल्यासारखे तुकडे उडतात. 2010 मध्ये शिकागो कब्स संघाच्या टायलर कोल्विनच्या छातीत असाच तुकडा घुसला होता, आणि तो बिचारा नुसता तिसऱ्या बेसकडून धावत येत होता. म्हणून घेतलीच तर मुठीवर शाईचा ठिपका असलेली घ्या. शाई लाकडाच्या रेषेवरून पसरते आणि रेषा सरळ आहेत की तिरक्या ते दिसतं. तीन अंशांहून जास्त तिरकी असेल तर परत ठेवा. ॲश तशीही दुर्मीळ होत चाललीय. 2002 मध्ये मिशिगनमध्ये सापडलेल्या एका हिरव्या भुंग्याने झाडंच्या झाडं संपवली. बर्चचं लाकूड हा मधला मार्ग आहे, पोरांच्या हाताला मला तोच आवडतो.

पण पैसे खर्चण्याआधी मोडलेल्या दोन्ही बॅटींचे तुकडे जुळवून बघा. चेंडूचे डाग शिक्क्यावर दिसले तर बर्चही आठवडाभरच टिकेल.