लेकाची अंब्रेला पॉलिसी आणि गुरुजींचा ट्रॅक्टर

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत डॅलसला असतो. गाडीचा आणि घराचा विमा असताना त्यानं वर दहा लाख डॉलरची 'अंब्रेला पॉलिसी' घेतलीय. हे काय प्रकरण आहे? मलाही इथं अशी काढता येईल का? माझा ट्रॅक्टर आहे, हंगामात गावकऱ्यांचा ऊसही कारखान्यावर नेतो.
– एक निवृत्त शिक्षक, औसा

उत्तर : गुरुजी, पोरानं केलं ते बरोबर केलं. टेक्सासात कायद्यानं गाडीला किमान विमा लागतो तो जखमी माणसामागे 30 हजार डॉलरचा, अख्ख्या अपघाताला 60 हजारांचा. तिथल्या दवाखान्याच्या बिलापुढं आणि कोर्टाच्या निकालापुढं तो कुठं पुरणार? उरलेली रक्कम स्वतःच्या अंगावर येते. ती अंब्रेला उचलते, पण खालच्या, म्हणजे गाडी-घराच्या, पॉलिसीची मर्यादा संपल्यावरच. ती मर्यादा किती असावी हे कंपनी ठरवून देते, गाडीला बहुधा माणसामागे अडीच लाख आणि अपघाताला पाच लाख डॉलर. पोरानं हप्ता वाचवायला ती कमी ठेवली असेल, तर मधला खड्डा त्यालाच भरावा लागेल. एवढं त्याला जरूर विचारा.

आपल्याकडं घरगुती गिऱ्हाइकाला अशी पॉलिसी सहसा मिळत नाही. वाहनापुरती तिची नडही नाही. थर्ड पार्टी विम्यात दुसऱ्याच्या मृत्यूला आणि दुखापतीला रकमेची मर्यादा नसते, अपघाताचे दावे ऐकणारं न्यायाधिकरण ठरवेल ती भरपाई कंपनी देते. दुसऱ्याच्या मालमत्तेला मात्र साधारण साडेसात लाखांची मर्यादा असते.

आपल्याकडं माणूस बुडतो तो अटी मोडून. मी विम्याचा सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासणारा, होतो, तेव्हा गाळपाच्या दिवसांत बघायचो : एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, मडगार्डवर दोघं बसलेले, मागं रिफ्लेक्टरचा पत्ता नाही, वर गाण्याचा दणका. मालकाला विचारलं की उत्तर ठरलेलं, "विमा हाय की साहेब!" विमा असायचा ट्रॅक्टरचा, ट्रॉलीचं नावच नसायचं. मडगार्डवरचा माणूस पडला तर कंपनी हात वर करू शकते, कारण ती बसायची जागाच नाही.

तुमचं खरं दुखणं दुसऱ्याच्या उसात आहे. पॉलिसी 'शेतीच्या वापरासाठी' असेल आणि तुम्ही भाडं घेत असाल, तर अपघातानंतर कंपनी वाद घालणार. कोर्टानं तिला आधी पैसे भरायला लावले, तरी ते तुमच्याकडून वसूल करायची मुभा तिला मिळू शकते. तेव्हा हंगामाआधी एजंटाला बोलवा, भाड्याचं खरं सांगा, ट्रॉली पॉलिसीत लिहून घ्या. हप्ता वाढेल, वाढू द्या. ड्रायव्हरचं लायसन्सही स्वतःच्या डोळ्यांनी बघा, झेरॉक्सवर जाऊ नका.

आणि लेकाकडं जायचा बेत असेल तर त्याच्या अंब्रेलातून तुमचं दवापाणी होणार नाही. त्यासाठी निघण्याआधी प्रवासाचा वैद्यकीय विमा वेगळा काढा, आणि बीपी-शुगर असेल तर फॉर्मवर लपवू नका.