बेथोव्हनचा जन्म 1770 की 1772? आणि 16 की 17 डिसेंबर?

तुमच्या तीन पुस्तकांत तीन गोष्टी आहेत: जन्म 16 डिसेंबर 1770, जन्म 17 डिसेंबर 1770, आणि ‘बेथोव्हन स्वतः 1772 सांगत असे’. यातलं मराठी लेखात काय छापायचं, हा प्रश्न. छापा: ‘बाप्तिस्मा 17 डिसेंबर 1770, बॉन, जन्म बहुधा आदल्या दिवशी’. त्यातला ‘बहुधा’ गाळू नका.

साल आणि दिवस हे दोन वेगळे वाद आहेत. आधी सालाचा बघू.

1770 च्या बाजूने एकच कागद आहे, बॉनच्या सेंट रेमिगियस चर्चमधली बाप्तिस्म्याची नोंद. विरुद्ध बाजूला ढीग दिसतो. 26 मार्च 1778 च्या कलोनमधल्या मैफलीच्या जाहिरातीत वय सहा. 1782 मध्ये छापलेल्या, ड्रेसलरच्या मार्चवरच्या व्हेरिएशन्सवर (एकाच धुनेची बदलती रूपं असलेल्या त्याच्या रचनेवर) दहा. मार्च 1783 मध्ये त्याचे गुरू नेफे क्रामरच्या संगीतविषयक नियतकालिकात लिहितात, अकरा. त्याच वर्षीच्या त्याच्या तीन सोनाटा-रचनांवर पुन्हा अकरा. चारास एक म्हणून 1770 बाद करायचं का? तसं करण्याआधी वाढदिवस डिसेंबरातला धरून प्रत्येक वयावरून मागे मोजा. चारही वेळा डिसेंबर 1771 येतं. चूक इतक्या नेमाने एकाच वर्षाची असेल तर ती एकाच घरातून आलेली असते, आणि या वयात मुलाचं वय बाहेर सांगणार ते वडील योहान. तेव्हा कागद चार असले तरी साक्षीदार एकच. (मोत्सार्टसारखा बालचमत्कार दिसावा म्हणून वडिलांनी मुद्दाम वय घटवलं, असं सर्रास लिहिलं जातं. पटण्यासारखं आहे, पण तो तर्क आहे. तर्क म्हणूनच लिहा.)

गंमत म्हणजे यातला एकही कागद 1772 म्हणत नाही. ते साल खुद्द बेथोव्हनचं. मे 1810 मध्ये त्याने मित्र वेगेलरला पत्र लिहून बाप्तिस्म्याचा दाखला मागवला आणि बजावलं, की माझ्याआधी ‘लुडविग मारिया’ नावाचा भाऊ होऊन गेला, त्याची नोंद माझी समजू नका. दाखला आला 1770 चा. तो थोरल्या भावाचाच आहे असं ठरवून त्याने त्यावर 1772 लिहून ठेवलं. शंका रास्त होती. आधीच्या मुलाचं नाव पुढच्याला देणं तेव्हा सर्रास चाले, आणि अशा घरात एका नावाची एकच नोंद बघून थांबणारा हमखास फसतो. पण तोच भाऊ शोधला की शंका मिटते: लुडविग मारियाचा बाप्तिस्मा 2 एप्रिल 1769 चा, आणि ते बाळ सहा दिवसांत गेलं. त्यामुळे डिसेंबर 1770 ची नोंद दुसऱ्या लुडविगचीच. धाकट्या भावाच्या तारखेचा इथे उपयोग नाही. कास्पारचा बाप्तिस्मा एप्रिल 1774 चा, त्याआधी 1770 आणि 1772 दोन्ही बसतात.

आता दिवस. नोंदीत बाप्तिस्म्याची तारीख आहे, जन्माची नाही. त्या भागातल्या कॅथलिक घरांत बाळाला चोवीस तासांच्या आत बाप्तिस्मा देत, यावरून 16. जोडीला 15 डिसेंबर 1796 चं, त्याचे गुरू आल्ब्रेख्ट्सबेर्गर यांचं त्याला आलेलं पत्र आहे. त्यात ‘उद्याच्या’ नामदिनाच्या, म्हणजे आपल्या नावाच्या संताच्या सणाच्या, शुभेच्छा आहेत. पण लुडविग नावाचा संत म्हणजे संत लुई, त्याचा सण 25 ऑगस्टला येतो, म्हणून हा नामदिन म्हणजे वाढदिवसच असावा. पुरावा बरा आहे, पण कच्चा. 17 ला ‘जन्म’ म्हणणाऱ्या पुस्तकाने मात्र बाप्तिस्म्यालाच जन्म समजण्याची नेहमीची चूक केली आहे.

‘बाप्तिस्मा उणे एक दिवस’ हे सूत्र दुसरीकडे डोळे झाकून लावू नका. संगीतकार विवाल्दीचा चर्चमधला बाप्तिस्म्याचा विधी 6 मे 1678 चा, जन्म 4 मार्चचा. जीव धोक्यात म्हणून सुईणीने घरीच बाप्तिस्मा उरकला होता. संगीतकार शोपँच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत जन्मतारीख स्पष्ट आहे, 22 फेब्रुवारी 1810, पण ती लिहिली 23 एप्रिलला. तो आणि घरचे 1 मार्च मानत. दोन्ही गुरुवार, म्हणजे नेमकी एका आठवड्याची चूक कुणीतरी केली. तिथे मी दोन्ही तारखा देईन. संगीतकार बाखचा जन्मदिवस 21 मार्च 1685 जुन्या (ज्युलियन) पंचांगातला, नव्यात (ग्रेगोरियन, आजच्या) तो 31 मार्च होतो. बॉनला ही अडचण नाही, तो मुलूख 1583 पासून नव्या पंचांगावर होता.

आपल्याकडे जन्मतारीख पडताळण्याचं काम तिथी करते. संगीतशास्त्री भातखंड्यांचा जन्म गोकुळाष्टमीचा, तारीख 10 ऑगस्ट 1860. त्या वर्षी 18 जुलैला सूर्यग्रहण होतं, म्हणजे अमावास्या. पुढची अमावास्या 16-17 ऑगस्टला, आणि वद्य अष्टमी 9-10 ला. जुळतं.