नवव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत दाखवलेलं बाळाचं वजन कितपत खरं असतं?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. म्हणजे पुण्यात ३६ आठवडे झाले तेव्हा ३.३ किलो, मग बाळंतपणाला माहेरी सांगलीला आलात, तिथे बारा दिवसांनी दुसऱ्या सेंटरला केली तर एकदम ३.८, वर रिपोर्टमध्ये '३९ आठवडे ४ दिवस' आणि तारीख पण अलीकडची आलीय, डॉक्टर नुसतं "बाळ जरा मोठं वाटतंय, बघू" म्हणाले आणि घरी सगळ्यांनी सिझर पक्कं करून टाकलं आणि आईने तुमचा भात बंद केला.

आधी सांगते, मी डॉक्टर नाही. मी नऊ वर्षं एका सोनोग्राफी सेंटरला रिपोर्ट टाईप करायचे, सर आत बघत बघत आकडे बोलायचे आणि मी बाहेरच्या खोलीत टाईप करायचे, दिवसाला वीस-पंचवीस पेशंट. त्यामुळे हा आकडा कसा तयार होतो ते मला चांगलं माहीत आहे, आणि दोन बाळंतपणं माझी स्वतःची झालीत. ट्रीटमेंटचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारायचं, मी फक्त त्या कागदावर काय लिहिलंय ते सांगते.

तर पहिली गोष्ट, तो रिपोर्ट आत्ता हातात घ्या आणि वजनाची ओळ बघा. ३८०० च्या पुढे प्लस मायनस असं चिन्ह आणि ५५५ ग्रॅम किंवा त्याच्या जवळपासचा आकडा असेल. बहुतेक मशीनवर तो आपोआप येतो, मी स्वतः हजारो वेळा टाईप केलाय आणि नऊ वर्षांत त्याबद्दल विचारणारे पेशंट हाताच्या बोटावर मोजण्याइतके. त्याचा अर्थ असा की बाळ ३२४५ पासून ४३५५ ग्रॅमपर्यंत कुठेही असू शकतं आणि तरीही मशीन चुकलं असं कोणी म्हणणार नाही. सव्वातीन किलोचं बाळ म्हणजे अगदी चारचौघांसारखं आणि ४३५५ म्हणजे खरंच दांडगं, आणि दोन्ही त्या एकाच ओळीत बसतात! पुण्याच्या ३३०० ला पण तसंच प्लस मायनस ४८२ असणार. आता शेवटच्या महिन्यात बाळ साधारण आठवड्याला दोनशे ग्रॅमच्या आसपास वाढतं, कधी जास्त पण, म्हणजे बारा दिवसांत तीन-साडेतीनशे ग्रॅम तर धरायचेच. ३३०० अधिक ३४० केले की झाले ३६४०, आणि सांगलीचं ३८००. राहिला फरक १६० ग्रॅमचा. तो फरक एका मशीनवर एकाच डॉक्टरांनी अर्ध्या तासाने परत मोजलं तरी पडतो.

का पडतो ते सांगते, कारण लोकांना वाटतं मशीन आत जाऊन वजन करतं. वजन कोणी करत नाही हो. डॉक्टर चित्र थांबवतात आणि त्यावर रेघा लावून चार मापं घेतात, डोक्याची रुंदी, डोक्याचा घेर, पोटाचा घेर आणि मांडीच्या हाडाची लांबी. रिपोर्टात बीपीडी, एचसी, एसी, एफएल लिहिलेलं असतं ना ती हीच मापं. ती चार मापं मशीन एका गणितात घालतं आणि ग्रॅम काढून देतं. बऱ्याच मशीनमध्ये हॅडलॉक नावाच्या डॉक्टरांचा फॉर्म्युला असतो, १९८५ चा, अमेरिकेत टेक्सासमधल्या ह्यूस्टनला तिथल्या बायकांच्या पोटातल्या बाळांच्या मोजमापांवरून बनवलेला. चांगला आहे म्हणूनच इतकी वर्षं जगभर चालतो, पण शिंप्याने पाहुण्यांचं माप लांबून बघून सांगावं आणि त्यावरून त्यांचं वजन काढावं तसला प्रकार आहे. चरबी किती, स्नायू किती, हे त्या चार रेघांना काय कळणार.

आणि सगळ्यात जास्त घोळ पोटाच्या घेरात. हाड पांढरं स्वच्छ दिसतं, तिथे रेघ लावायला सोपं. पोट मऊ असतं, बाळ श्वासाच्या हालचाली करतं, आईच्या पोटावर फिरवतात तो प्रोब जरा जास्त दाबला की बाळाचं गोल पोट लांबट दिसतं, आणि ते नेमकं यकृताच्या पातळीवर, जठर दिसेल अशाच जागी कापून घ्यायला लागतं, जरा तिरकं गेलं की माप बदललं. आमचे सर पोटाचं माप दोन-तीनदा घ्यायचे आणि मग सरासरी. मी एकदा गंमत म्हणून मशीनवर आकडे बदलून बघितले होते, साडेतीन किलोच्या बाळाला पोटाच्या घेरात एक सेंटीमीटर इकडचं तिकडे केलं की वजन दीडेकशे ग्रॅमने हलतं. एक सेंटीमीटर म्हणजे पस्तीसातला एक, नवव्या महिन्यात बाळ मुटकुळं करून बसलेलं असताना कोणाचाही होतो. त्यात शेवटी शेवटी डोकं खाली ओटीपोटात बसतं, मग डोक्याचं माप नीट मिळत नाही, पाणी कमी झालेलं असतं त्यामुळे चित्र धूसर, आईचं वजन जास्त असेल तर अजून धूसर. म्हणजे आपल्याला ज्या वेळी सगळ्यात जास्त अचूक आकडा हवा असतो त्याच वेळी मोजायला सगळ्यात अवघड, काय करणार.

आता त्या '३९ आठवडे ४ दिवस' बद्दल, कारण मला वाटतं तुमच्या घरातली खरी गडबड इथे आहे. सेंटरला येणाऱ्या निम्म्या सासवा हेच विचारायच्या, "तारीख अलीकडे आली का?" नाही आली. मशीनला एवढंच म्हणायचंय की या मापाची बाळं साधारण ३९ आठवड्यांत दिसतात. उंच पोराला बघून "हा आठवीतला दिसतो" म्हटलं म्हणून तो सहावीतला पोरगा आठवीत जात नाही ना. तारीख ठरते ती पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीवरून, तेव्हा सगळी बाळं जवळजवळ सारख्याच मापाची असतात, चूक फार तर पाच-सात दिवसांची. नवव्या महिन्यातल्या सोनोग्राफीवरून तारीख काढली तर तीन आठवडे इकडे तिकडे होऊ शकतं. त्यामुळे तुमचे ३७ आठवडे ५ दिवस ते तेवढेच. हे महत्त्वाचं अशासाठी की कोणी "दिवस भरले, आता काढून टाकू" म्हणालं आणि ते या नव्या तारखेवरून म्हणत असेल तर बाळ दोन आठवडे लवकर बाहेर येईल.

माझं स्वतःचं ऐका. पहिल्या वेळी आमच्याच सेंटरला, आमच्याच सरांनी, ३.६ सांगितलं होतं ३९ व्या आठवड्यात. मी चार दिवस झोपले नाही, सगळं माहीत असून! बाळ झालं ३१०० ग्रॅम. सर स्वतः बघायला आले आणि म्हणाले माझं पोटाचं माप बहुतेक सैल गेलं. आणि माझ्या जावेचं उलटं, ३७ व्या आठवड्यात ३.२ सांगितलं, सगळे निवांत, तारीख उलटली तरी कळा नाहीत, तीन आठवड्यांनी झाली तर मुलगा ३८५०, नॉर्मल झाली पण टाके बरेच पडले. तिथे सोनोग्राफी फार चुकली असंही नाही, मधले तीन आठवडे बाळ वाढतच होतं की, ते कोणी मोजलंच नाही. सेंटरला लोक पेढे घेऊन यायचे आणि हसत हसत सांगायचे "सर तुमचं अर्धा किलो चुकलं". (काही जण मुलगी झाली म्हणून बर्फी आणायचे, सर बर्फी परत पाठवायचे, म्हणायचे दोन्हीला पेढेच आणा.)

गंमत म्हणजे अनुभवी डॉक्टर हाताने पोट तपासून जो अंदाज सांगतात तो शेवटच्या दिवसांत सोनोग्राफीपेक्षा फार मागे नसतो. टेपने गर्भाशयाची उंची सेंटीमीटरमध्ये मोजायची, डोकं वर असेल तर त्यातून १२ वजा करायचे, खाली उतरलं असेल तर ११, आणि १५५ ने गुणायचं की ग्रॅम येतात, हा जुना जॉन्सनचा हिशोब नर्सिंगच्या मुलींना अजून शिकवतात. आणि १९९२ साली अमेरिकेत डॉक्टरांनी आधी बाळंत झालेल्या बायकांनाच विचारून बघितलं की तुम्हाला हे बाळ किती किलोचं वाटतं, तर त्या बायकांचा अंदाज सोनोग्राफीपेक्षा वाईट निघाला नाही. तुमची पहिलीच वेळ आहे त्यामुळे हे तुम्हाला उपयोगाचं नाही, पण मला आवडतं म्हणून सांगितलं.

मग सिझरचं काय. एवढ्या आकड्यावरून ठरत नाही, निदान ठरू नये. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणं असं आहे की नुसत्या वजनाच्या अंदाजावरून ठरवून सिझरचा विचार करायचा तो पाच किलोच्या पुढे, आणि आईला शुगर असेल तर साडेचार किलोच्या पुढे. आपल्याकडच्या बायका चणीने लहान, त्यामुळे इथले डॉक्टर त्याच्या बरेच आधी सावध होतात आणि ते समजण्यासारखं आहे, पण ३.८ प्लस मायनस ५५५ वर सिझर "पक्कं" असं तुमचे डॉक्टर पण म्हणाले नाहीत, ते "बघू" म्हणाले. पक्कं घरच्यांनी केलं. डोकं आणि कमरेच्या हाडांचा मेळ बसतो का हे खरं तर कळा सुरू झाल्यावरच कळतं. खांदे अडकण्याची भीती असते मोठ्या बाळात, ती खरी आहे, थट्टा नाही, पण चार किलोच्या आतल्या बाळांचे पण अडकतात आणि बऱ्याच मोठ्या बाळांचे अडकत नाहीत. अमेरिकेत २०११-१२ मध्ये बाळंत झालेल्या बायकांची एक पाहणी झाली होती, त्यात जवळजवळ तीनातल्या एकीला "बाळ मोठं दिसतंय" सांगितलेलं, आणि अशा बायकांमध्ये साधारण पाचातल्या एकीचंच बाळ चार किलोच्या वर गेलं.

मी तुमच्या जागी असते तर आधी शुगरचा रिपोर्ट काढून बघितला असता. ते ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी रक्त घेतात ती टेस्ट, आपल्याकडे १४० किंवा त्याच्या वर आलं की शुगर धरतात. सहाव्या-सातव्या महिन्यात झाली असेल, झाली नसेल किंवा काठावर असेल तर उद्याच डॉक्टरांना सांगा. कारण शुगरवाल्या आईच्या बाळाचं पोट आणि खांदे डोक्याच्या मानाने जास्त भरतात, आणि तेव्हा तोच ३.८ डॉक्टर वेगळ्या नजरेने वाचतात. रिपोर्टात डोकं ३८ आठवड्यांचं आणि पोट ४० चं असं काही दिसतंय का ते पण त्यांना विचारा. आणि पुढच्या वेळी सोनोग्राफी सांगितली तर शक्यतो याच सांगलीच्या सेंटरला करा, दोन आठवड्यांच्या आत फक्त वजनासाठी परत करू नका, एका आठवड्याची वाढ त्या प्लस मायनसच्या पोटात कुठे गेली ते कळतच नाही. माहेरी येताना डॉक्टर बदलतात, मशीन बदलतं आणि मग असे दोन आकडे भांडत बसतात, आपल्याकडे हे घरोघरी.

भात सुरू करा. शुगर नसेल तर नवव्या महिन्यात उपाशी राहून बाळ लहान होत नाही, तुम्हाला चक्कर येते एवढंच. शुगर असेल तर काय खायचं ते डॉक्टर सांगतील, आई नाही.

कोणी वाचत असेल जिचं उलटं आहे, म्हणजे बाळ लहान सांगितलंय, तर तिने हे "आकडे चुकतातच" म्हणून सोडून देऊ नये. लहान बाळाच्या वेळी डॉक्टर वजनाबरोबर पाणी बघतात, कलर डॉपलरवर नाळेतला रक्तपुरवठा बघतात, मागच्या रिपोर्टपासून वाढ थांबली का ते बघतात, आणि ते सगळं मिळून ठरवतात, तिथे उशीर परवडत नाही. आणि मोठं असो लहान असो, बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली, पाणी गेलं, रक्त दिसलं तर रिपोर्ट बाजूला ठेवून सरळ हॉस्पिटल गाठायचं, रात्र असली तरी.

एक काम आजच करा. पुण्याची पहिली, अडीच-तीन महिन्यांची सोनोग्राफी तुमच्या फाईलमध्ये आहे का बघा. बऱ्याच जणींची ती सासरच्या कपाटातच राहते. नसेल तर मिस्टरांना व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवायला सांगा आणि सांगलीच्या डॉक्टरांना तो दाखवून केसपेपरवर तारीख त्यावरूनच लिहून घ्या.