देखभाल कंत्राटदाराकडे दिल्यावर सुरक्षेची जबाबदारी विमान कंपनीवर राहते का?

होय, राहते. अमेरिकेच्या विमान वाहतूक नियमांनुसार देखभालीचे काम दुसऱ्या संस्थेकडून करून घेता येते. परंतु विमान उड्डाणयोग्य ठेवण्याची प्राथमिक जबाबदारी त्यामुळे कंपनीवरून उतरत नाही.

याचे सर्वांत वेदनादायक उदाहरण व्हॅल्यूजेट या अमेरिकी विमान कंपनीच्या ५९२ क्रमांकाच्या उड्डाणाचे आहे. ११ मे १९९६ रोजी मायामीहून अटलांटाला निघालेले हे विमान काही मिनिटांतच फ्लोरिडातील एव्हरग्लेड्सच्या दलदलीत कोसळले आणि त्यातील सर्व ११० जण मृत्युमुखी पडले. सेबरटेक या कंत्राटदाराने कंपनीच्या इतर विमानांतून काढलेली, मुदत संपलेली रासायनिक ऑक्सिजन जनित्रे (आणीबाणीत प्रवाशांच्या मास्कला प्राणवायू पुरवणारी, चालू होताच अतिशय तापणारी उपकरणे), ती चुकून चालू होऊ नयेत म्हणून लावायची सुरक्षा टोपणे न बसवता पाच खोक्यांत भरली होती. टोपणे बसवल्याची नोंद मात्र सहीनिशी झाली होती, आणि खोक्यांबरोबरच्या कागदावर ती 'रिकामी' असल्याचे लिहिले होते. असा धोकादायक माल नेण्याची परवानगीच नसलेल्या कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी तो विमानात चढवला, आणि त्या जनित्रांमुळे मालकक्षात लागलेल्या आगीने विमान कोसळले.

अपघाताची चौकशी करणाऱ्या अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने सेबरटेकबरोबरच, कंत्राटी देखभालीवर नीट देखरेख न ठेवल्याबद्दल व्हॅल्यूजेटला, आणि मालकक्षात धूरसूचक व अग्निशमन यंत्रणा सक्तीची न केल्याबद्दल अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक संस्थेलाही कारणीभूत ठरवले. माझ्या मते यातील देखरेखीचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण प्रवासी तिकीट कंपनीकडून घेतो. कंत्राटदाराचे नावही त्याला ठाऊक नसते.