जुन्या गाडीचं रिस्टोरेशन करताना खालचा भाग कारखान्यातून निघाला तसा ठेवावा, की चकचकीत काळा करून घ्यावा?

कारखान्यातून निघाला तसा. चकचकीत काळ्याचा विचार सोडून द्या.

तुमची गाडी कोणती ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून माझ्या गाडीवरून सांगतो. १९६६ ची फोर्ड मस्टँग, विंबल्डन व्हाइट रंगाची. चासी नंबरातलं दुसरं अक्षर एफ, म्हणजे डिअरबॉर्नच्या कारखान्यात बनलेली (सॅन होझेची असेल तर आर, मेटुचेनची असेल तर टी). मी मिशिगनमध्येच राहतो, तो कारखाना होता ती जागा माझ्या घरापासून अर्ध्या तासावर.

तिच्या पोटाला कुणीतरी डांबरासारखं जाड अंडरकोटिंग फासलं होतं. दोन हिवाळे मी गॅरेजमध्ये उताणा पडून हीट गन आणि पट्टीने ते खरवडलं. आत रेड ऑक्साइड निघाला, आपल्याकडे खिडकीच्या गजांना मारतात तसलाच विटकरी. दाराखालच्या कडेपासून आतल्या बाजूला पांढरे पुसट फवारे, बॉडी रंगवताना स्प्रे गनमधून उडालेले. डावीकडे ते वीतभर आत गेले होते, उजवीकडे जेमतेम चार बोटं. दोन बाजूंना दोन वेगळी माणसं उभी असणार. मागच्या एक्सलवर पिवळ्या ब्रशचा एक फटकारा होता, तपासून झाल्याची खूण. रात्री अकराला बायकोला उठवून आणलं आणि टॉर्च धरून तिला हे दाखवलं.

मग वडिलांच्या ऑपरेशनसाठी मला महिनाभर सांगलीला जावं लागलं. पत्र्याच्या कामासाठी गाडी एका वर्कशॉपमध्ये होती आणि लक्ष ठेवायला माझे साडू. त्यांनी परस्पर सांगून टाकलं, "करताच आहात तर खालून पण एकदम चकाचक करा." परत येऊन बघतो तर सगळं सँडब्लास्ट करून (वाळूच्या माऱ्याने खरवडून) वर ग्लॉस काळा, एक्सल आणि कंट्रोल आर्मना (चाकं धरून ठेवणाऱ्या दांड्यांना) पावडर कोटिंग, म्हणजे भट्टीत भाजून बसवलेला पावडरीचा जाड रंग. पिवळा फटकारा गेला, फवारे गेले. साडू हौसेने खाली आरसा धरून म्हणाले, "बघ, शोरूममधून काढल्यासारखी झाली."

शोरूममध्ये ती अशी कधीच नव्हती. १९६४ मध्ये मस्टँग बाजारात आली ती २,३६८ डॉलरपासून. त्या किमतीत तळाला चकाकी कोण देणार? गंज धरू नये इतपत प्रायमर, कधी तर उरलेसुरले रंग एकत्र करून मारलेले. प्रॉपेलर शाफ्ट (मागच्या चाकांना ताकद पोचवणारा दांडा) उघड्या पोलादाचा, त्यावर ओळखीसाठी रंगाचे पट्टे. बोल्टना फॉस्फेटचा काळपट करडा थर. ती गाडी बनवणाऱ्यांचं काम असं दिसत होतं.

साडूंचं आजही एकच पालुपद, "खाली वाकून बघतंय कोण?" मी बघतो! आणि कुणीच बघणार नसेल तर ती चकाकी तरी कुणासाठी होती? शिवाय पावडर कोटिंगच्या जाडीत एक्सलवरचे ठोकलेले आकडे बुजतात. त्याचा टवका उडाला की पाणी आत शिरतं आणि थराखाली गंज पसरत जातो, वरून पत्ताही लागत नाही.

तेव्हा गाडी धुण्याआधी फोटो काढा, इंच इंच काढा. अंडरकोटिंग हातानेच काढा. रंग जुळवून घेतल्याशिवाय सँडब्लास्टवाल्याच्या दारात गाडी नेऊ नका आणि त्याला काय करायचं, काय नाही ते लिहून द्या, तोंडी नको.

आता हेही सांगायला हवं, की इथल्यासारखं हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात अशा ठिकाणी, किंवा कोकणात समुद्राकाठी गाडी रोज चालवणार असाल, तर नुसत्या रेड ऑक्साइडवर भागणार नाही. तो ओल शोषतो. खाली इपॉक्सी प्रायमर आणि वर त्याच विटकरी छटेचा मंद रंग, असं करा. आणि वेगळ्या कारखान्याच्या, वेगळ्या वर्षाच्या गाडीला खालचा रंग वेगळा असू शकतो, त्यामुळे माझा विटकरी डोळे मिटून उचलू नका.

माझ्या गाडीवर हँडब्रेकच्या केबलच्या क्लॅम्पखाली नखाएवढा मूळ रंग वाचला होता, तिथे ब्लास्टिंग पोचलं नव्हतं. त्यावरून छटा जुळवली आणि गेल्या उन्हाळ्यात सगळा काळा काढून तळ परत विटकरी केला. फवारेही मारले, डावीकडे वीतभर, उजवीकडे चार बोटं. पिवळा फटकारा मात्र मारलेला नाही. तो ज्याच्या हातचा होता त्याच्याच हातचा.